चावी पॅनेलवरच राहू द्या

पश्चिम युक्रेनमधल्या एका वीज वितरण कंपनीच्या नियंत्रण कक्षात २३ डिसेंबर २०१५ रोजी ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा कर्सर आपोआप फिरू लागला आणि एकामागून एक ब्रेकर उघडत गेला. ऑपरेटरने माउस हलवून पाहिला, तो दाद देईना. काही वेळात त्यालाच लॉगआउट करून त्याचा पासवर्ड बदलण्यात आला. त्या दिवशी अशा तीन कंपन्यांवर हल्ला झाला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले.

हल्लेखोरांनी कुठलेही कुलूप फोडले नव्हते. आधीचे काही महिने फसव्या ईमेलमधून त्यांनी कर्मचाऱ्यांचे पासवर्ड गोळा केले होते. मग कंपनीनेच कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी दिलेल्या व्हीपीएनमधून ते रीतसर आत आले. पासवर्डखेरीज दुसरी कसलीही पडताळणी नव्हती. व्हीपीएनने आपले काम चोख केले, फक्त ते चोरांसाठी केले.

‘आमच्याकडे व्हीपीएन आहे’ हे उत्तर म्हणूनच अपुरे आहे. व्हीपीएनमुळे वाटेत कुणाला संदेश वाचता येत नाही की बदलता येत नाही. पण पलीकडच्या टोकाला बसला आहे कोण, हे तो त्याला दिलेल्या ओळखीपुरतेच जाणतो. आणि अलीकडच्या टोकाला असतो पीएलसी, म्हणजे यंत्र चालवणारा कंट्रोलर. त्याला आदेश पोचवणारा, आजही कारखान्यांत सर्रास चालणारा मॉडबस प्रोटोकॉल १९७९ सालचा. तेव्हा सगळी यंत्रे एकाच छपराखाली असत, त्यामुळे ‘तू कोण?’ हा प्रश्नच त्यात ठेवलेला नाही. रजिस्टरमध्ये आकडा लिहिण्याचा आदेश आला की पंप सुरू होतो, व्हॉल्व्ह फिरतो.

मग बाहेरची जोडणी तोडूनच टाकावी? मला हे पटत नाही. रात्री दोनला चाकणमधली लाइन थांबली, तर यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनीअर घरी बसून पीएलसीचा लॅडर प्रोग्रॅम पाहतो आणि कुठला सेन्सर गेला ते सांगतो. एरवी तो येईपर्यंत अख्खी शिफ्ट वाया जाते. शिवाय कागदोपत्री बंदी घातली की मेंटेनन्सवाला स्वतःच्या खिशातले डोंगल लावतो, आणि त्याची नोंद कुठेच राहत नाही. आणि जोडणी नसली म्हणजे धोका टळला असेही नाही. इराणमधल्या नतांझच्या अणुकेंद्राला तर इंटरनेटच नव्हते. २०१० साली उजेडात आलेला स्टक्सनेट हा घातक प्रोग्रॅम तिथे पेन ड्राइव्हवरून शिरला असे मानले जाते.

खरा वाद जोडणीचा नाही, अधिकाराचा आहे. दुरून कराव्या लागणाऱ्या कामातले बहुतेक काम निव्वळ पाहण्याचे असते. तरी आपण सरसकट बदल करण्याचा अधिकार देऊन टाकतो, कारण वेगळी परवानगी लावायची तर कमिशनिंगच्या वेळी अर्धा दिवस जास्त लागतो. हा आळस आहे. त्याला तांत्रिक अडचण म्हणू नये.

सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात २०१७ साली जे घडले ते यासाठी मुळातून पाहावे. तिथे ट्रायकोनेक्स जातीचे सुरक्षा कंट्रोलर होते. दाब-तापमान हाताबाहेर गेले की प्लँट बंद करणे एवढेच त्यांचे काम. कंट्रोलरवर चावीचा एक स्विच असतो : रन, प्रोग्रॅम, रिमोट, स्टॉप. चावी रनवर असेल तर बाहेरून आलेला नवा प्रोग्रॅम कंट्रोलर घेत नाही. इथे ती प्रोग्रॅमवरच राहिली होती. नेटवर्कमध्ये शिरलेल्यांनी थेट सुरक्षा यंत्रणेतच आपला कोड घातला. तो फसला, कंट्रोलरांनी प्लँट बंद पाडला, म्हणून प्रकार कळला.

चावी प्रोग्रॅमवर का राहते, हे कारखान्यात वावरलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. ती फिरवायला कुणाला तरी उठून पॅनेलपर्यंत जावे लागते, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बदल करायचाच असतो. पण तेवढे उठणे हीच तर सुरक्षा आहे. दुरून येणाऱ्याला काय करू द्यायचे हे जागेवरच्या माणसाने, त्या वेळेपुरते ठरवायला हवे. युक्रेनमध्ये वीज काही तासांत परतली तीही माणसांनी उपकेंद्रांवर जाऊन हाताने ब्रेकर लावले म्हणून.

आपल्याकडे केंद्रीय वीज प्राधिकरणाने २०२१ साली सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली, पण ती वीज क्षेत्रापुरती. नगरपालिकेचे जलशुद्धीकरण केंद्र किंवा दूध संघाचा प्लँट यांनी आपल्यासाठी तशी तत्त्वे निघण्याची वाट पाहू नये. काम संपलेल्या ठेकेदाराचे व्हीपीएन खाते आजच बंद करा, आणि पुढच्या शिफ्टला पॅनेल उघडून चावी कुठे आहे ते पाहा.