मागील बाकी पुढे चालू

डिसेंबर २०२४ मधल्या एका शुक्रवारी सकाळी माझी अर्धी दाढी झालेली असताना पुण्याहून भाच्याचा फोन आला. आवाज असा, की गालावरचा हात गालावरच राहिला.

"मामा, गेराल्टला काढला."

बँकेत 'काढला' या शब्दाला एकच अर्थ असतो. मी दार लोटून हळू आवाजात विचारलं, "कुठल्या शाखेतला? आणि रक्कम किती?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग भाच्याने मला माझ्या अज्ञानाची जाणीव करून दिली. गेराल्ट बँकेतला नव्हे. तो पोलंडचा. सापकोव्स्की नावाच्या लेखकाने १९८६ साली एका मासिकातल्या गोष्टीत त्याला जन्माला घातला, पुढे त्याच्यावर कादंबऱ्या झाल्या आणि २००७ पासून 'द विचर' नावाचे संगणकावरचे खेळ निघाले. तिसरा खेळ २०१५ चा. तो मला माहीत होता, कारण २०२० च्या टाळेबंदीत हा भाचा भोरला आमच्याकडे अडकला होता आणि संध्याकाळी बँकेतून आलो की त्याच्या मागे खुर्ची टाकून मीही तो बघत असे.

या गेराल्टचा धंदा म्हणजे गावोगाव फिरून ठरलेल्या मोबदल्यात राक्षस मारणे. केस पांढरे, बोलणं मोजकं, कामाला हात घालण्याआधी पैशाची घासाघीस, आणि पाठीवर दोन तलवारी. पोलादाची माणसांसाठी, चांदीची राक्षसांसाठी. मला या व्यवस्थेचं फार कौतुक वाटलं. आमच्या काउंटरवर दोन्हींसाठी एकच शिक्का आहे.

तर आता चौथ्या खेळाची झलक आली होती आणि तिच्यात गेराल्टच्या जागी नायक म्हणून सिरी नावाची मुलगी होती.

"ही त्याची कोण?"

"मानलेली मुलगी."

"मग अनुकंपा तत्त्वावर घेतली असेल."

"मामा, गेराल्ट जिवंत आहे! खेळात दिसणारही आहे. फक्त मुख्य तो नाही."

म्हणजे बढती देऊन आतल्या टेबलावर बसवलेला. ही वेदना मला कळते. पण भाचा एकटा नव्हता. जगभरच्या भक्तमंडळींत दोन तट पडले होते. एक तट म्हणे, उत्तम झालं, गोष्ट तिच्याकडेच चालली होती. दुसरा म्हणे, तिचा चेहरा पूर्वीसारखा नाही. राक्षस मारणारा होण्यासाठी जी जीवघेणी परीक्षा असते ती मुलग्यांचीच असते, ती हिने दिली कधी. आणि मुळात मुलगी कशाला? आमचा भाचा दुसऱ्या तटावर बुरुजाशेजारी उभा होता.

मी म्हटलं, "अरे, त्या तिसऱ्या खेळात गेराल्ट सबंध वेळ कुणाला शोधत होता?"

"सिरीला."

"तू किती तास शोधलीस?"

"शंभर तरी झाले असतील."

"शंभर तास रानोमाळ हिंडून मुलगी शोधलीस, मामीचा चहा निववलास, आणि आता सापडलेली मुलगी कामाला लागली तर तक्रार?"

फोन ठेवला तेव्हा मी स्वतःवर खूश होतो. अर्धी दाढी तशीच होती, पण न्याय पुरा केला होता.

बँकेत जाता जाता मात्र अण्णांची आठवण झाली आणि भाच्याचा राग जरा कमी झाला. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' डिसेंबर १९७० मध्ये रंगभूमीवर आलं. अण्णांनी ते पुण्याला जाऊन पाहिलं ते डॉ. श्रीराम लागूंचं. पुढे ती भूमिका दत्ता भटांनी केली, सतीश दुभाषींनी केली, यशवंत दत्तांनी केली. पण अण्णांच्या लेखी ही सगळी मंडळी आप्पासाहेब बेलवलकरांच्या घरात पाहुणी म्हणून येऊन गेली. पंचाईत अशी, की आईने लग्नाआधी माहेरी असताना दत्ता भटांचं पाहिलं होतं. त्यामुळे आमच्या दोन खोल्यांत कायम दोन आप्पासाहेब नांदत. भाजीत मीठ कमी पडलं तरी विषय तिथपर्यंत जाऊ शके.

२०१६ च्या जानेवारीत 'नटसम्राट' सिनेमा आला, तेव्हा मी दोघांना पुण्याला घेऊन गेलो. मध्यंतरात अण्णा म्हणाले, "नाना पाटेकर नट मोठा आहे. पण आप्पा नव्हे." आई म्हणाली, "तुमचा तरी कुठे होता?" आणि मी, ज्याने रंगमंचावरचा एकही आप्पा पाहिला नव्हता, तो दोघांच्या मध्ये बसून रुमाल ओला करत होतो. माझ्यापुरता खरा तोच.

जो आधी भेटतो तो खरा, असा हा साधा हिशेब आहे. अण्णा काही आप्पासाहेबांना जपत नव्हते. ते नाटक पाहायला गेलेल्या आपल्या पंचविशीला जपत होते. भाचाही गेराल्टच्या आडून टाळेबंदीतली ती संध्याकाळ मागत असणार: दार बंद, परीक्षा रद्द, मामीचा चहा, आणि मागे खुर्चीत निरर्थक प्रश्न विचारणारा मामा. नवा नायक उभा राहिला की कळतं, ती संध्याकाळ संपली. हे कळल्याचं दुःख खरं आहे. त्याला हसू नये. प्रश्न एवढाच, की त्याचं बिल कोणाला पाठवायचं?

आमच्या भागात हा प्रश्न खेळातला नाही. खेळातून इतिहासात शिरताना चपला बाहेर काढाव्या लागतात, तशा काढतो आणि सांगतो. भोर तालुक्यात, पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळ आहे. संभाजीराजांना दूध पाजणारी धाराऊ या गावची. शेजारी वेल्ह्याकडे राजगड. तिथे १६५९ मध्ये सईबाई गेल्या, तेव्हा राजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे. आणि वडील असे, की त्यांच्यानंतर येणाऱ्या कोणाचंही माप कमीच भरावं. १६८० नंतर या मुलाने नऊ वर्षं राज्य राखलं, खुद्द औरंगजेब दक्षिणेत उतरलेला असताना. १६८९ मध्ये मरण कसं पत्करलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तरी बखरींनी आणि पुढे कित्येक नाटकांनी त्यांना वडिलांशेजारी उभं करून दोनेकशे वर्षं नापास केलं. वा. सी. बेंद्र्यांनी अनेक वर्षं कागदपत्रं धुंडाळून १९६० मध्ये चरित्र छापलं, १९७९ मध्ये शिवाजी सावंतांची 'छावा' आली, तेव्हा कुठे उत्तरपत्रिकेची फेरतपासणी झाली. २०२५ मध्ये त्याच कादंबरीवरच्या सिनेमाला लोक रडत बाहेर पडले. त्यांत ज्यांच्या आजोबांनी जुन्या नाटकांना टाळ्या दिल्या होत्या असेही असतील.

मला राहून राहून धाराऊ आठवते. तीही कोणाच्या तरी जागीच आलेली होती. पण तिला नाकारण्याचं त्या तान्ह्याला सुचलं नाही. भूक लागलेली होती. भुकेल्याला तुलना सुचत नाही. तुलना हे पोट भरलेल्यांचं काम आहे.

इथवर विचार करत मी शाखेत पोचलो. आता खरं सांगायचं ते सांगतो.

पेन्शनच्या काउंटरवर मी नऊ वर्षं बसलो. ऑक्टोबरात मला आत कर्जाच्या टेबलावर हलवलं आणि माझ्या जागी यवतमाळकडची एक मुलगी आली. हुशार, झटपट, बोलण्यात "करून राहिले" नि "येऊन राहिले". आमच्या मावळी पेन्शनरांना हे ऐकून पहिल्या दिवशी वाटलं, ही कुठेतरी राहायलाच गेली आहे. ते काउंटर ओलांडून माझ्याकडे येत. "सायेब, तुमच्यासारखं न्हाई हो हितं." मी तोंडाने म्हणे, "अहो, नवीन आहे, शिकेल." आणि पोटात गूळ विरघळे. मग मी उठून, जरा जास्तच आवाज करत खुर्ची सरकवून, त्यांचं काम करून देई. हॉलमधल्या सगळ्यांना दिसेल असं.

बी. कॉम.ला गुडविलचं एक प्रकरण होतं. आपण कमावलेला नावलौकिक स्वतःच्या वह्यांत मालमत्ता म्हणून लिहिता येत नाही; दुसऱ्याकडून पैसे मोजून घेतला तरच लिहिता येतो. मी परीक्षेत हे बरोबर लिहिलं होतं. काउंटरवर मात्र रोज चुकीची नोंद करत होतो, आणि खर्ची त्या मुलीच्या नावे टाकत होतो.

नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. माणूस समोर उभा राहून घाम पुसत असतो आणि तो जिवंत असल्याचं मशीनला पटवावं लागतं. जन्मभर शेतात राबलेल्या बोटांच्या रेघा झिजलेल्या असतात. मशीन म्हणतं, हा गृहस्थ कोणी नाही. हिर्डोशी खोऱ्यातले एक आजोबा आले. अंगठा चार वेळा लावला, पाच वेळा लावला. मुलगी घामाघूम. रांगेतून कोणीतरी म्हणालं, "पयले सायेब असते तर..."

मला माहीत होतं. त्यांचा अंगठा कधीच उठत नाही. डाव्या हाताचं मधलं बोट ओल्या फडक्याने पुसून लावलं की एका दमात उठतं. नऊ वर्षांत शिकलेली गोष्ट. एक वाक्य लागलं असतं. मी कर्जाच्या कागदात डोकं घालून वाट बघत बसलो, की मला बोलावतील. वीस मिनिटांनी बोलावलं. मी गेलो, फडकं मागवलं, बोट लावलं, मशीनने आजोबांना जिवंत घोषित केलं, रांगेने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. आजोबांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांची एस.टी. गेली होती. काठी दोन गुडघ्यांत धरून ते संध्याकाळच्या गाडीपर्यंत स्टँडवर बसले. घरी जाताना मला दिसले. मी पलीकडच्या बाजूने गेलो.

आणि डिसेंबरात हाच मनुष्य अर्ध्या दाढीनिशी भाच्याला न्याय सांगत होता. भाच्याने निदान कोणाची एस.टी. चुकवली नव्हती.

जुन्यावर प्रेम करू नये, असं मी म्हणणार नाही. जुन्यावर प्रेम नसलेला माणूस नव्यावरही काय करणार? उद्या तो चौथा खेळ वाईट निघाला तर भाच्याने खुशाल नावं ठेवावीत. गिऱ्हाइकाचा तो हक्क आहे आणि पैसे त्याचे आहेत. पण आधी खेळ, मग नावं. आपल्या निष्ठेचा खर्च आपल्याच खात्यातून करावा. नव्याच्या खात्यातून परस्पर वळता करू नये. त्याच्या पासबुकात अजून एकही नोंद नाही, तोवर शिल्लक अपुरी म्हणून चेक परत पाठवणं हे कुठल्याच नियमात बसत नाही. आणि गेलेल्या नायकाची जबाबदारी भक्तांहून मोठी. भक्त निदान प्रेमाने आंधळे असतात. आमच्यासारखे 'पयले सायेब' डोळे उघडे ठेवून गप्प बसतात.

सोमवारी मी माझी जुनी वही त्या मुलीच्या काउंटरवर ठेवली. बँकेत चार्ज देताना किल्ल्या, शिक्के, कोरे फॉर्म सगळं मोजून देतात. ही वही यादीत नव्हती, म्हणून मी दिली नव्हती. कोणाचं कुठलं बोट उठतं, कोणाला उजव्या कानाने ऐकू येत नाही, कोणत्या आजींना सगळ्या नोटा शंभराच्याच लागतात, कोणापुढे सुनेचा विषय काढायचा नाही, असं सगळं तिच्यात होतं. तिने दोन पानं चाळली आणि म्हणाली, "सर, हे आधी दिलं असतं तर?"

"विसरलो होतो," मी म्हणालो. एवढं खोटं राहिलं. या लेखात फेडतो आहे.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "बरं मामा, खेळ आला की आधी खेळून बघतो. पण चेहरा पूर्वीचा चांगला होता." मी एवढ्यावर तडजोड मान्य केली. आपल्याकडेही २०२४ मध्येच मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव द्यायला मंजुरी दिली, फॉर्मवर नवं नाव लिहायला सांगितलं, तर एक गृहस्थ म्हणाले, "लिवतो, पर मी वेल्ह्याचाच." राजगडाच्या डोंगराला गड होण्याआधी मुरुंबदेवाचा डोंगर म्हणत. तेव्हाही कोणीतरी म्हणालंच असेल.

परवा हिर्डोशीचे ते आजोबा पुन्हा आले. मुलीने न विचारता ओलं फडकं पुढे केलं, डावं मधलं बोट धरलं, काम दोन मिनिटांत. आजोबा वळले, मी नमस्कार केला. त्यांनी डोळ्यांवर हात धरून मला नीट न्याहाळलं आणि मुलीला विचारलं,

"हे सायेब नवीन आलं का गं?"

"हो आजोबा," ती म्हणाली. "शिकून राहिले."