कोरण्याआधी थोडं थांबा

उन्हाळ्यात लिनोकटला, म्हणजे लिनोवर कोरून ठसा काढायला, सकाळीच बसावं. ऊन चढलं की काचेवर पसरलेली शाई बघता बघता सुकते. टेबलावर तळहाताएवढा लिनोचा तुकडा, एक कोरणी, रोलर आणि कागद. आधी कागदाला हात लावा.

हा हातकागद कागजीपुऱ्याचा. दौलताबादहून वेरूळकडे जाताना वाटेत हे गाव लागतं. चौदाव्या शतकात तुघलकाने राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली, तेव्हा कागद करणारे कारागीरही आले आणि इथेच राहिले, असं सांगतात. बोटं सावकाश फिरवा. कुठे जाड, कुठे पातळ. कडा वेड्यावाकड्या. एखादा धागाही बोटाला लागेल.

आता लिनोवर कडुनिंबाचं एकच पान काढा. कड दातेरी, देठाशी एक बाजू लहान, एक मोठी. डावीकडे वळलेलं हे पान कागदावर उजवीकडे वळून उतरेल. १८०५ मध्ये मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली गीता छापली गेली. सातशे श्लोक, आणि प्रत्येक अक्षर पत्र्यावर उलटं. सवयीच्या वाचनाने ते काम झालं नसतं. प्रत्येक वळण, प्रत्येक काना नव्याने पाहावा लागला असणार. ते पत्रे कोरणाऱ्या कारागिराला मनात आणा आणि पानाकडे पुन्हा बघा.

लिनो कडक वाटला तर थोडा वेळ उन्हात ठेवा, मऊ पडतो. मोकळा हात कायम पात्याच्या मागे. श्वास सोडत पहिली रेघ कोरा. बारीक साल वळत वर येईल. थांबा. पुढची रेघ लगेच नको.

कागजीपुऱ्याच्या वाटेने पुढे वेरूळला कैलास लेणं आहे. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, डोंगर वरून खाली कोरत नेला. आधी शिखर, पायथा शेवटी. निघालेला दगड परत बसवायची सोय नव्हती. मला त्या घावांइतकंच त्यांच्या मधलं थांबणं मोठं वाटतं: छिन्नी टेकवलेली आहे, हातोडा अजून पडलेला नाही, आणि कुणीतरी ठरवतं आहे की एवढा दगड राहू द्यायचा. आज आपण ज्याला देऊळ म्हणतो, तो सगळा असा राहू दिलेला दगड आहे.

लिनोतही कोरलेलं पांढरं राहतं, शाई घेतं ते ठेवलेलं. म्हणून कोरणी टेकवल्यावर एक श्वास जाऊ द्या. ही शीर कोरायची की ठेवायची? उत्तर आलं नाही तर ठेवा.

काचेवरच्या शाईत रोलर फिरवताना कान द्या. शाई नेमकी लागली की बारीक चरचर ऐकू येते. मग रोलर लिनोवर फिरवा, वर कागद ठेवा आणि चमच्याच्या पाठीने मधून कडांकडे गोल गोल घासा. प्रेस असला तरी रोजच्या ठशाला चमचाच बरा, कारण कुठे दाब कमी पडला ते हाताला कळतं. एक कोपरा उचलून पाहा. फिकं असेल तर कागद तसाच टेकवून पुन्हा घासा.

ठसा निघाला की खाली पेन्सिलने तारीख घाला. उद्या याच तुकड्यावर आणखी दोन शिरा कोरल्या की आजचं पान पुन्हा छापता येणार नाही. कुणाला द्यायचं मनात असेल तर दुसरा ठसा आत्ताच काढा, रोलर नंतर धुवा.