अनुभवाने पोट भरते का?



गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर एक विद्यार्थिनी आम्हांला भेटायला थांबली. ती कायद्याचे शिक्षण घेत आहे. सुट्टीत एका वकिलांच्या कार्यालयात चार आठवडे इंटर्नशिप करण्याची संधी तिला आली आहे. ती म्हणाली, "फादर, पैसे मिळणार नाहीत. सुट्टीत मी शिकवण्या घेते, त्यातून माझी फी निघते. आता काय करू?" तिला आम्ही लगेच उत्तर देऊ शकलो नाही. म्हणून हा प्रश्न आपणां सर्वांसमोर ठेवत आहोत.

इंटर्नशिप ही तिची हौस नाही. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे ती करावीच लागते. पण या काळात पैसे द्यावेत की नाही, यासाठी आपल्या देशात सर्वसाधारण असा कायदा नाही. याउलट 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली हिंगण्याच्या कारखान्यात लागलेल्या आयटीआयच्या मुलाला विद्यावेतन देणे मालकावर बंधनकारक आहे. दोघेही शिकतात, दोघेही राबतात. एकाच्या पाठीशी कायदा आहे, दुसरीच्या नाही.

परंतु जे बेकायदेशीर नाही, ते न्याय्य असतेच का?

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. नवख्या मुलाला शिकवण्यात ज्येष्ठांचा वेळ जातो. लहान वकिलाची स्वतःचीच मिळकत बेताची असते. हे खरे आहे, आणि जिथे खरोखर शिकवले जाते तिथे विद्यार्थीच ऋणी असतो. तेव्हा आम्हांला एक साधी कसोटी सुचते: हा विद्यार्थी उद्या आला नाही, तर कोणाचे अडेल? त्याचा एक धडा बुडणार असेल, तर ते शिक्षण आहे. कार्यालयाचे टायपिंग, फायली आणि झेरॉक्स अडणार असतील, तर ते काम आहे आणि कामाला मोल आहे.

"तिने स्वखुशीने होकार दिला ना?" असे कोणी म्हणेल. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद 23 ने वेठबिगारीला मनाई केली आहे. 1982 मध्ये एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या अनुच्छेदाचा अर्थ लावताना सांगितले की, सक्ती केवळ बळाची नसते, गरजेचीही असते. तो खटला किमान वेतनाचा होता, इंटर्नशिपचा नव्हता. पण त्यातला विचार इथेही लागू पडतो. प्रमाणपत्राशिवाय पुढचे दार उघडत नसेल, तर होकार कितपत मोकळा म्हणावा? शिवाय ज्याच्या घरी चार आठवडे पोसण्याची ऐपत आहे, तोच अशी संधी घेऊ शकतो. फुकट काम गरिबाला नुसते राबवत नाही, त्याला रांगेतूनच बाहेर काढते.

मोशेच्या नियमशास्त्रात मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी असे सांगितले आहे, कारण तो गरीब असून त्याचा जीव त्या मजुरीकडे लागलेला असतो. तिथे मालकाच्या सोयीचा नव्हे, मजुराच्या संध्याकाळचा विचार आहे.

त्या मुलीला आम्ही पुढच्या रविवारी सांगितले: संधी सोडू नकोस, पण आधी नम्रपणे विचार की काय शिकायला मिळेल, येण्याजाण्याचा खर्च मिळेल का आणि संध्याकाळची शिकवणी सांभाळता येईल का. विचारणे हा उद्धटपणा नाही.

पण सारा भार तिच्यावर टाकणे बरोबर नाही. आपल्यापैकी अनेकांची दुकाने, दवाखाने, कार्यालये आहेत. आपल्याकडे विद्यार्थी येत असतील, तर निदान बसभाडे आणि दुपारचे जेवण द्यावे. काम करून घेत असाल, तर मानधन द्यावे. हाच नियम आम्हांलाही लागू आहे. गायनवृंदात गाणे ही स्वेच्छेची सेवा आहे. पण जुन्या नोंदवह्या संगणकावर उतरवणे हे काम आहे. ते यापुढे एखाद्या विद्यार्थ्याकडून करून घेतले, तर त्याला मानधन दिले जाईल.

– आपले प्रमुख धर्मगुरू