मागणाऱ्याचा न्याय

बॅलार्ड पिअरहून सुटणाऱ्या जलसफरीची बिनखिडकीची खोली मी आगाऊ पैसे भरून घेतली आणि महिन्याभराने दर उतरले, तर त्याच पैशांत समुद्राकडची खोली मागण्याचा मला हक्क आहे काय? हक्क म्हणावा, तर दर चढले असते तेव्हा वरचे पैसे मी आपणहून भरले असते काय? 2013 साली रेल्वेने भाडेवाढीपूर्वी काढलेल्या तिकिटांवरही फरक वसूल केला. त्याला आपण अन्याय म्हणतो. मग उतरत्या दराचा फरक हक्काने कसा मागावा?

तरी जहाज सुटताना रिकामी राहिलेली खोली कुणाच्याच कामाची नसते. ती मागण्यात पाप नाही. मला बोचते ते निराळेच. गिरगावचा बोलका उतारू ती मागून मिळवतो. लालबागचा भिडस्त म्हातारा तेवढेच पैसे भरून आतल्या खोलीत निजतो. वरच्या वर्गातल्या रिकाम्या जागा पूर्ण भाडे भरलेल्या खालच्या वर्गाच्या उतारूंना जादा पैसे न घेता देण्याची पद्धत रेल्वेने 2006 साली सुरू केली. तिथे कुणाला आर्जव करावे लागत नाही. कृपाच करायची, तर ती नियमाने करावी. मगच तिला न्यायाची कळा येते.