गाडी काय स्मूद वळते!

जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह विकायला काढली आहे. गिऱ्हाईक एक चक्कर मारून येतं, खाली उतरतं आणि म्हणतं, "काय स्मूद वळते हो गाडी!" ती स्मूद वळते कारण तिच्यातला एक महत्त्वाचा भाग संपला आहे, हे मला माहीत आहे. मी काय बोलायचं?

आधी तो भाग काय आहे ते सांगतो. गाडी वळताना बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापतं. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देण्याचं काम डिफरन्शियल करतं. पण साध्या डिफरन्शियलची एक खोड असते. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक चिखलात गेलं की त्याला फिरायला अगदी थोडा जोर पुरतो आणि मग दुसऱ्या, घट्ट जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच मिळतो. एक गरगर फिरतं, दुसरं ढिम्म हलत नाही. लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एलएसडी, हा त्यावरचा उपाय. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्यामध्ये दाबून बसवलेल्या क्लच प्लेटा असतात. त्यांच्या घर्षणामुळे एक चाक एकटंच सुटत नाही आणि दुसऱ्यालाही जोर मिळतो.

घर्षणावर चालणारी वस्तू झिजणारच. म्हणून तिला मॅन्युअलमध्ये सांगितलेलं, फ्रिक्शन मॉडिफायर असलेलं गिअर ऑइल लागतं आणि ते वेळेवर बदलावं लागतं. ऑइल चुकलं की हळू, घट्ट वळणावर मागून कुरकुर येते, गाडी थरथरते. योग्य ऑइल भरून मोकळ्या मैदानात इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या फेऱ्या मारल्या की ते प्लेटांमध्ये पोचतं आणि कुरकुर बहुतेक वेळा थांबते. मॉडिफायर प्रमाणाबाहेर ओतला तरी ती थांबते, पण मग प्लेटांची पकड सुटते. आणि प्लेटा पार झिजल्या तर? तेव्हा काहीच आवाज येत नाही. डांबरी रस्त्यावर मेलेली एलएसडी जिवंत एलएसडीपेक्षा छान वाटते.

हा पेच फार जुना आहे. रोमन विचारवंत सिसेरोने इसवी सनपूर्व ४४ मध्ये कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात घर विकणारा एक माणूस येतो. घर रोगट आहे, खोल्यांमध्ये साप निघतात, लाकूड वाईट आहे, पण हे मालकाशिवाय कोणालाच ठाऊक नाही. त्याने सांगावं का? बॅबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. घेणाऱ्याला डोळे आहेत. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सांगितलंच पाहिजे. वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यासारखंच हे आहे. सिसेरो शिष्याच्या बाजूने उभा राहतो. आपला १९३० चा मालविक्रीचा कायदा मात्र काही अपवाद सोडले तर गुरूच्या जवळ जातो: घेणाऱ्याने पारखून घ्यावं.

डायोजेनिसचं म्हणणं मला सहज उडवून लावता येत नाही. जुन्या गाडीत शंभर गोष्टी झिजलेल्या असतात, त्या सगळ्यांची यादी कोण वाचणार? शिवाय खरं बोलणाऱ्याचीच किंमत पाडली जाते. पण इथे पारखणाऱ्याचे डोळेच उलटी साक्ष देतात. दोषच गुण होऊन समोर येतो. "काय स्मूद वळते!" यावर मी नुसता हसलो तरी ते हसणं म्हणजे "हो" असतं. मी गप्प आहे असं मला वाटेल, पण माझ्या वतीने गाडी खोटं बोलत असेल.

मग पळवाट उरते एकच: मला माहीतच नसतं तर? तपासणी काही अवघड नाही. चारही चाकं जमिनीवर असतानाच न उचलायच्या चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, एक मागचं चाक जॅकवर उचलायचं आणि ते फिरवायला किती जोर लागतो ते टॉर्क रेंचने मोजायचं. इंजिन मात्र बंदच हवं, कारण एलएसडी चांगली असेल तर जमिनीवरचं चाक गाडी जॅकवरून खाली ओढू शकतं. अर्ध्या तासाचं काम. मी ते तीन वर्षं टाळलं. कंटाळा होताच, पण कळलं तर खर्च करावा लागेल किंवा सांगावं लागेल, हेही मनात होतं. असं जपून ठेवलेलं अज्ञान निरागस नसतं. देखभाल म्हणजे फक्त ऑइल बदलणं नाही. आपल्या ताब्यातल्या वस्तूची खरी अवस्था ठाऊक असणंही त्यात येतं.

शेवटी जॅक लावलाच. चाक एका हाताने फिरलं.

घेणारा कदाचित आयुष्यभर डांबर सोडणार नाही. किंवा एखाद्या जुलैमध्ये, घरच्या आजारी माणसाला मागे झोपवून, चिखलाचा चढ चढत असेल. तेव्हा त्याचा भरवसा गाडीवर असेल, म्हणजे खरंतर माझ्या शब्दावर.

जाहिरातीत एक ओळ वाढवली आहे: "एलएसडी आहे, पण प्लेटा झिजल्यात, बदलाव्या लागतील." त्यानंतर दोन फोन आले. दोघांनीही किंमत पाडून मागितली. तिसऱ्याची वाट बघतोय.