ओहोटीचा धक्का

डोळे मिटा. घाई नको.

मागे आरोमाँश हे छोटंसं गाव आहे, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरचं. ओहोटी लागलीय, पाणी लांब गेलंय. अनवाणी पावलांखाली ओली, घट्ट वाळू. तिचा गारवा टाचेतून वर येऊ द्या.

समोर समुद्रात काळपट ठोकळ्यांची तुटक रांग दिसते. खडक नव्हेत ते. दुसऱ्या महायुद्धात, जून १९४४ मध्ये, मित्रराष्ट्रांच्या फौजांनी इथे एक अख्खं बंदर इंग्लिश खाडीतून ओढून आणलं, त्याचं हे कुंपण. ठोकळ्यांतला मोठ्यात मोठा सहा हजार टनांचा. आतून पोकळ, म्हणून तरंगे. बांधून झाल्यावर इंग्लंडच्या किनाऱ्यालगत ते मुद्दाम बुडवून ठेवले होते. वेळ आली तेव्हा पाणी उपसून वर काढले, टगबोटींनी इथवर आणले आणि पुन्हा बुडवले. बुडणं, वर येणं, पुन्हा बुडणं. इथे थोडं थांबा.

आता श्वासाकडे या. इथलं पाणी भरती-ओहोटीत सहा-सात मीटर वर-खाली होतं. साधा धक्का ओहोटीला कोरडा पडला असता. म्हणून धक्क्याच्या टोकाला चार पोलादी पाय होते, तळावर रोवलेले. फलाट तेवढा पाण्याबरोबर पायांवरून चढे, उतरे. तुमचेही पाय वाळूत रुतलेत. छाती भरते, ओसरते. भरू द्या. ओसरू द्या.

याच धक्क्यांवरून ट्रक उतरले, दारूगोळा उतरला, मिसरूड फुटलेली पोरं उतरली. त्यातली कितीतरी या मातीतच राहिली. त्यांच्यासाठी एक श्वास, सावकाश.

चार पावलं पुढे वाळूत काँक्रीटचा एक तराफा पडलाय. असल्या तराफ्यांवर धक्क्याचा रस्ता तरंगायचा. त्यावर तळहात ठेवा. खरखरीत, ओलसर. शेवाळ बोटांना बुळबुळीत लागतं. फुटक्या कोपऱ्यातून गंजलेली सळी बाहेर आलीय, भोवती तांबूस डाग, आणि डागाला खेटून शिंपले बसलेत, घट्ट.

हात काढू नका. ब्रिटनभर हजारो मजूर या बंदराचे तुकडे घडवत होते. काम गुप्त, त्यामुळे आपण काय बांधतोय हे त्यातल्या बहुतेकांना ठाऊकच नव्हतं. समोरचा तुकडा नीट व्हावा, गळू नये, इतकंच. माझं मन दरवेळी इथेच अडतं. सेनापतींपाशी नाही, या न कळता राबलेल्या हातांपाशी. त्यांच्या कामाची कसोटी १९ जूनला लागली: वादळ उठलं, तीन-चार दिवस झोडपत राहिलं. याच किनारपट्टीवरच्या ओमाहा भागातलं जुळं बंदर त्यात मोडून पडलं. हे तगलं. काही महिने टिकावं म्हणून केलेलं काम आज ऐंशी वर्षांनंतरही तुमच्या तळहाताखाली आहे.

काँक्रीट गार आहे. हळूहळू तुमच्या हाताची ऊब त्याला लागते.

पाणी परतू लागलंय. आधी सळीखालचा खळगा भरेल, मग शिंपल्यांची फट हलकेच उघडेल. घोट्याला लाट लागली की हात उचला आणि गावाच्या दिशेने चालू लागा.