मानद कार्यवाहांचा राजीनामा

पगारी माणूस नोकरी सोडतो तेव्हा मागे हिशेब उरतो. बिनपगारी माणूस पद सोडतो तेव्हा उरतो रुसवा. आमच्या सीमाभागात वाचनालय, व्याख्यानमाला, नाट्यमंडळ, सगळे मानद कार्यवाहांच्या खांद्यावर उभे. त्यामुळे भर सभेत राजीनाम्याचा कागद टेबलावर आपटण्याचा प्रवेश आपल्याला पाठ आहे. (हल्ली तो मोबाइलवरही होतो. गटाचा अ‍ॅडमिन मध्यरात्री लांबलचक मजकूर लिहून गट सोडतो.) पुढचा प्रवेशही ठरलेला. दोन ज्येष्ठ घरी जातात, चहा होतो, "तुमच्यावाचून संस्था चालायची कशी?" असे म्हटले जाते आणि राजीनामा मागे घेतला जातो.

माझा आक्षेप या चहाला नाही, त्या वाक्याला आहे. ते खरे नसते. शिवाय ते आणखी एकाच्या कानावर पडते. पंधरा वर्षे मुकाट्याने पुस्तकांना पुठ्ठे चढवणाऱ्याला त्यातून कळते की इथे किंमत कामाची नसून रुसण्याची आहे. तो राजीनामा देत नाही, नुसता यायचा थांबतो, आणि त्याच्या घरी कोणी जात नाही.

मग शब्दाला शब्द धरून राजीनामा स्वीकारणे निष्ठुरपणाचे का? मला उलट वाटते. प्रौढ माणूस लिहून देतो ते त्याने विचारपूर्वक लिहिले असे समजणे, हाच त्याचा मान. लोकमान्य टिळकांनी 1890 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. आजीव सदस्यांनी सारा वेळ संस्थेला द्यावा, या मुद्द्यावर वाद होता. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले, हे शेवटचे निमित्त. टिळकांनी आपली कारणे सविस्तर लिहून ठेवली आणि बाजूला झाले. ज्या संस्थेच्या उभारणीत त्यांचा वाटा होता, ती त्यांच्यावाचूनही चालली. आगरकर 1892 मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, गोखले 1902 पर्यंत शिकवत राहिले. टिळकही काही थोडके कमी झाले नाहीत.

कोणी म्हणेल, टिळकांची गोष्ट वेगळी; आमच्या कार्यवाहांना फक्त कौतुकाचे दोन शब्द हवे असतात. मान्य. पण ते शब्द आपण राजीनाम्यापर्यंत राखून का ठेवतो? माणूस आरडाओरडा करायला आपल्याकडूनच शिकतो.

म्हणून मी ज्या समित्यांवर असतो तिथे एवढाच आग्रह धरतो की तक्रार आणि राजीनामा यांचे दोन वेगळे विषय करा. तक्रार खरी असेल तर तो परत येवो न येवो, दुरुस्ती करा. चिडलेल्या पत्राचे परिच्छेदागणिक उत्तर देऊ नका. राजीनामा स्वीकारा, किल्ल्या, सभासदवही आणि बँकेतल्या सह्या बदलण्याची तारीख ठरवा, आणि इतिवृत्तात त्याने केलेली कामे नावानिशी लिहा. "बहुमोल सेवा" एवढ्यावर भागवू नका.

आमच्या गावच्या वाचनालयात एका कोषाध्यक्षांचा राजीनामा असाच मंजूर झाला. सहा महिने ते फिरकले नाहीत. मग एका संध्याकाळी येऊन वृत्तपत्र वाचत बसले. यंदाच्या पुस्तकमोजणीला मदतनीस कमी पडले, तेव्हा पेपरची घडी करून त्यांनी विचारले, "कोणतं कपाट राहिलंय?"